चीवरातील मारेकरी : बंडारनायके हत्या, अफवा आणि विनयाचा निकष

अभ्यासवर्गात सिलोनच्या आधुनिक इतिहासाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास पुढे येतो. पंतप्रधान बंडारनायके यांच्यावर गोळ्या झाडणारा तालदुवे सोमाराम हा खरोखरच भिक्खू होता काय? विचारणाऱ्याच्या स्वरात जिज्ञासेपेक्षा आशा अधिक असते. तो भिक्खू नव्हता, चीवर पांघरलेला कुणी तोतया होता, असे आम्ही म्हणावे अशी त्याची अपेक्षा असते. ही अपेक्षा आम्हाला समजते. ज्या धम्माचे पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे आहे, त्या धम्माच्या संघातील मनुष्याने एका उपासक पंतप्रधानाचा वध करावा, ही गोष्ट बौद्ध मनाला सहन होत नाही. परंतु जे सहन होत नाही ते घडलेच नाही, असे म्हणणे हा इतिहास नव्हे. आणि आमच्या मते तो धम्मही नव्हे. म्हणून या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

घटना आणि न्यायनिवाडा

सॉलोमन वेस्ट रिजवे डायस बंडारनायके हे १९५६ च्या एप्रिलमध्ये सिलोनचे पंतप्रधान झाले. जन्माने ते अँग्लिकन ख्रिस्ती कुटुंबातील होते. पुढे त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. ते वर्ष बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षाचे होते. त्यांच्या विजयासाठी 'एकसत् भिक्खु पेरमुण' या संघटनेच्या भिक्खूंनी गावोगाव प्रचार केला. त्या प्रचारात केलनिया राजमहाविहाराचे विहाराधिपती मापिटिगम बुद्धरक्खित अग्रभागी होते.

२५ सप्टेंबर १९५९ रोजी सकाळी कोलंबोतील रोझमीड प्लेस येथील आपल्या निवासस्थानाच्या व्हरांड्यात पंतप्रधान भेटीस आलेल्या लोकांना भेटत होते. त्यांत सोमारामही होता. भिक्खूस वंदन करण्यासाठी पंतप्रधान वाकले, आणि त्याने चीवरात लपविलेले रिव्हॉल्व्हर काढून गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी बंडारनायके यांचे निधन झाले. मृत्युशय्येवरून त्यांनी जनतेला उद्देशून जे निवेदन केले, त्यात मारेकऱ्याचा उल्लेख भिक्खूची वस्त्रे ल्यालेला एक मूर्ख मनुष्य असा होता, आणि त्याच्यावर सूड न उगविता करुणा दाखवावी अशी विनंती होती.

पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती टी. एस. फर्नांडो व सात जणांच्या ज्यूरीपुढे पाच आरोपींवर खटला चालला. १९६१ च्या फेब्रुवारीत तो सुरू झाला आणि मे महिन्यात निकाल लागला. सोमाराम, बुद्धरक्खित आणि एच. पी. जयवर्धन नावाचा व्यावसायिक हे तिघे दोषी ठरले. उरलेले दोघे सुटले. फिर्यादी पक्षाची मांडणी अशी होती की, जहाज वाहतुकीचा व्यवसाय आणि साखर कारखान्याचे कंत्राट यांबाबत बुद्धरक्खित व जयवर्धन यांच्या ज्या अपेक्षा होत्या त्या सरकारने पुऱ्या केल्या नाहीत. त्या रागातून कट रचला गेला, आणि देश, वंश व धर्म यांच्या हिताची भाषा वापरून सोमारामाला त्यासाठी तयार करण्यात आले.

तिघांनाही फाशीची शिक्षा झाली. अपिलात मात्र बुद्धरक्खित व जयवर्धन यांची फाशी रद्द होऊन त्यांना जन्मठेप मिळाली. बंडारनायके यांच्याच सरकारने १९५८ मध्ये फाशीची शिक्षा स्थगित केली होती. हत्येनंतर ती स्थगिती उठविणारा कायदा पूर्वलक्षी प्रभावाने करण्यात आला. पण त्याची शब्दयोजना खुनास लागू पडत होती, खुनाच्या कटास नव्हे. सोमारामाला ६ जुलै १९६२ रोजी वेलिकडा तुरुंगात फाशी देण्यात आली. बुद्धरक्खित १९६७ मध्ये तुरुंगातच मरण पावला.

पार्श्वभूमीविषयीचे तर्क

एवढा निवाडा झाल्यावरही सोमारामाच्या पार्श्वभूमीविषयीचे तर्क थांबले नाहीत. त्यांतील तीन प्रमुख तर्क आम्ही येथे घेतो.

पहिला तर्क असा की, तो भिक्खू नव्हताच. केवळ वेषधारी होता. बंडारनायके यांच्या निवेदनातील शब्द यासाठी पुराव्यादाखल सांगितले जातात. परंतु उपलब्ध माहिती याच्या विरुद्ध आहे. सोमाराम १९१५ मध्ये जन्मला. वयाच्या चौदाव्या वर्षी, १९२९ मध्ये, त्याची प्रव्रज्या झाली आणि पुढे कँडी येथे त्याला उपसंपदा मिळाली. तो नेत्ररोगांवर उपचार करणारा आयुर्वेदीय वैद्य होता आणि कोलंबोतील देशी वैद्यकाच्या महाविद्यालयात अध्यापन करीत होता. तीस वर्षे ज्याने चीवर धारण केले, ज्याला उपासकांनी दान दिले आणि वंदन केले, त्याला एका सकाळी आलेला बहुरूपी म्हणता येत नाही. मरणासन्न पंतप्रधानांच्या शब्दांचा हेतूही वेगळा दिसतो. क्षुब्ध जनतेने प्रत्येक चीवरधारीकडे शत्रू म्हणून पाहू नये, यासाठी ते बोलले. ती करुणेची भाषा होती; मारेकऱ्याच्या उपसंपदेविषयीची साक्ष नव्हती.

दुसरा तर्क असा की, तो आतून ख्रिस्ती होता. फाशीपूर्वी अल्पकाळ त्याने तुरुंगात ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, हे खरे आहे. १९६२ च्या जानेवारीत सिलोनमध्ये सैन्य व पोलीस दलांतील काही अधिकाऱ्यांनी सत्तापालटाचा फसलेला प्रयत्न केला होता आणि त्यांत ख्रिस्ती अधिकाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. त्या वातावरणात या तर्काला बळ मिळणे स्वाभाविक होते. परंतु १९६२ मधील दीक्षेवरून १९५९ मधील निष्ठा कशी सिद्ध होणार? मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने क्षमेची वाट कोठे शोधली, एवढेच त्यावरून कळते. कार्य आधी आणि कारण नंतर, असा हा उलटा कार्यकारणभाव आहे. प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्या वाचकांना त्यातील दोष वेगळा सांगावयास नको.

तिसरा तर्क परकीय शक्तींचा, किंवा पडद्यामागील बड्या राजकीय हातांचा. हा तर्क मुळातच हास्यास्पद ठरवावा असे आम्हाला वाटत नाही. राजकीय हत्येमागे कोण होते, हे विचारणे समाजाचे कर्तव्यच आहे. सिलोन सरकारने १९६३ मध्ये या हत्येच्या राजकीय बाजूच्या चौकशीसाठी आयोग नेमला, त्यात इजिप्त व घाना या देशांचे न्यायाधीशही घेतले, आणि १९६५ मध्ये त्याचा अहवाल आला. शंका मांडण्याचा हाच योग्य मार्ग होय. जेथे साक्षीदार नाही, कागद नाही, तेथे केवळ 'अमक्याचा लाभ झाला, म्हणून अमक्याने केले' एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही.

या तीनही तर्कांत एक साम्य आहे. मारेकरी आपला नव्हता, असे तिन्ही सांगतात. आणि त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. न्यायालयात जो कट सिद्ध झाला, तो विहाराधिपती, व्यापारी आणि वैद्य-भिक्खू यांचा होता. विहाराची प्रतिष्ठा, निवडणुकीतील उपकार आणि कंत्राटातील पैसा यांतून तो उपजला होता. हा सिद्ध झालेला कट लोक विसरतात, आणि सिद्ध न झालेले कट मात्र स्मरणात ठेवतात.

विनयपिटक काय सांगते?

आता आम्ही आमच्या विषयाकडे, म्हणजे पालि ग्रंथांकडे वळतो. मनुष्यवधाचा निषेध करणाऱ्या तिसऱ्या पाराजिकाची उत्पत्तिकथा विनयपिटकाच्या सुत्तविभंगात आली आहे. वेसालीच्या महावनात भगवंतांनी भिक्खूंना अशुभभावना शिकविली आणि ते पंधरवडाभर एकांतात गेले. त्या काळात अनेक भिक्खूंना आपल्याच शरीराची किळस आली. काहींनी आत्मघात केला, काहींनी एकमेकांचे प्राण घेतले. काही जण मिगलण्डिक नावाच्या इसमाकडे गेले आणि पात्र-चीवराच्या मोबदल्यात त्याच्याकडून त्यांनी आपला वध करवून घेतला. या मिगलण्डिकास ग्रंथात 'समणकुत्तक' म्हटले आहे. म्हणजे श्रमणाचा वेष घेऊन वावरणारा. तोतया श्रमण!

सगळा दोष या तोतयावर ढकलणे किती सोपे होते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. भगवंतांनी तसे केले नाही. संघ विरळ का झाला, असे त्यांनी आनंदाला विचारले, वृत्तांत ऐकला, भिक्खूंना एकत्र केले, आनापानस्मृतीची साधना शिकविली, आणि मग नियम घातला तो आपल्या संघाला. जो भिक्खू जाणूनबुजून मनुष्याचे प्राण घेईल किंवा त्यासाठी शस्त्रधारी शोधील, तो पाराजिक होईल आणि संघाच्या सहवासास मुकेल. आज्ञा देणारा भिक्खू व ती पाळून वध करणारा भिक्खू हे दोघेही पाराजिक ठरतात, असा खुलासाही विभंगात आहे. सिलोनच्या कायद्याला कट करणारा व गोळी झाडणारा यांच्या शिक्षेत जो भेद करावा लागला, तो विनयात नाही.

यावरून आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. सोमाराम भिक्खू होता काय? २५ सप्टेंबरच्या त्या कृत्यापर्यंत, उपलब्ध माहितीनुसार, होता. त्या कृत्याने तो भिक्खू राहिला नाही. 'तो भिक्खू नाही' हे विधान विनयदृष्ट्या खरे आहे, पण ते कृत्याचे फल म्हणून. कृत्याचे स्पष्टीकरण म्हणून ते वापरले की ते असत्य होते. भिक्खूच्या हातून असे काही घडणारच नाही, अशी भगवंतांची समजूत असती, तर पाराजिकाचा नियमच करावा लागला नसता.

यावर कोणी धम्मपदाचा आधार घेऊन म्हणेल की, केवळ मुंडन केल्याने कोणी श्रमण होत नाही. हे आम्हाला पूर्णतः मान्य आहे. परंतु तो शीलाचा निकष आहे, आणि तो साधकाने स्वतःला लावावयाचा आहे. इतिहासाचा प्रश्न निराळा असतो. त्याला कोणी दीक्षा दिली, कोणत्या विहाराने आश्रय दिला, कोणाच्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला, हे इतिहास विचारतो. शीलाच्या निकषाचा उपयोग संघाची जबाबदारी झटकण्यासाठी करणे हा त्या वचनाचा दुरुपयोग होय.

खोटा कट आणि खरा कट

कट असतातच, हे पालि साहित्याला चांगले ठाऊक आहे. उदानातील सुन्दरी परिव्राजिकेची कथा वाचकांना परिचित असेल. अन्य तीर्थिकांनी तिला ठार मारवून तिचे प्रेत जेतवनाच्या खंदकात पुरविले आणि शाक्यपुत्रीय श्रमणांवर आळ घेतला. सावत्थीचे लोक भिक्खूंना शिव्याशाप देऊ लागले. भगवंतांनी प्रत्यारोप केला नाही. हा शब्द सात दिवस टिकेल, असे सांगून भिक्खूंना धीर दिला. पुढे मारेकरी दारूच्या नशेत आपसांत भांडले आणि राजपुरुषांच्या हाती लागले, असे अट्ठकथा सांगते. म्हणजे तेथे कट खरा होता, आणि तो मारेकऱ्यांच्याच तोंडून उघड झाला. भिक्खूंच्या तर्कातून नव्हे.

केसमुत्ति सुत्तात कालामांना जे सांगितले आहे, त्याचा येथे थेट उपयोग होतो. 'अनुस्सव' म्हणजे ऐकीव गोष्ट, 'इतिकिरा' म्हणजे 'असे म्हणतात', 'भब्बरूपता' म्हणजे सांगणाऱ्याचे विश्वसनीय दिसणे. यांपैकी कशावरही विसंबू नये. हे सुत्त आपण परधर्मीयांच्या श्रद्धा तपासताना उत्साहाने उद्धृत करतो. आपल्याला सुखावणाऱ्या अफवेला ते लावणे अधिक कठीण असते.

आपल्यासाठी यातील बोध

'पार्श्वभूमी' हा शब्द आपल्या देशात निरुपद्रवी नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली तेव्हा मारेकरी कोणत्या समाजाचा, हाच पहिला प्रश्न होता. तो मुसलमान असल्याची अफवा पसरली असती तर काय अनर्थ झाला असता, हे ओळखून आकाशवाणीने तो हिंदू असल्याचे जाहीर केले. पुढे तो पुण्याचा ब्राह्मण असल्याचे कळताच पश्चिम महाराष्ट्रात ज्यांचा त्या कटाशी काहीही संबंध नव्हता अशा कुटुंबांची घरे जळाली. ब्राह्मण्याशी आपला झगडा विचारांचा आहे. जन्मावरून दोष ठरविण्याच्या त्या रीतीचे समर्थन आपण करू शकत नाही. जन्माने कोणी वसल होत नाही, कर्माने होतो, हे वसल सुत्ताचे सूत्र आपण स्वीकारले आहे. ते आपल्या बाजूचे असेल तेव्हाच लागू, असे नाही.

सिलोनच्या संघाच्या इतिहासातही हाच धडा आहे. केलनियाचा विहार ज्या स्यामनिकायाच्या परंपरेत येतो, त्या निकायाने अठराव्या शतकापासून उपसंपदा गोविगम या उच्च मानल्या गेलेल्या जातीपुरती मर्यादित केली. या अन्यायामुळेच इतर जातींच्या भिक्खूंना ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घ्यावी लागली आणि १८०३ मध्ये अमरपूर निकाय उदयास आला. जन्माची पार्श्वभूमी इतक्या काटेकोरपणे तपासणारी व्यवस्था विहाराधिपतीच्या सत्तालोभाला आवर घालू शकली नाही. दारावर जात विचारली जात होती; आत आचरण विचारणारे कोणी उरले नव्हते.

बाबासाहेबांनी १९५० मध्ये सिलोनला भेट दिली. त्याच वर्षी 'महाबोधी' नियतकालिकातील आपल्या लेखात त्यांनी भिक्खुसंघाच्या तत्कालीन स्थितीवर परखड टीका केली आणि लोकसेवा करणाऱ्या संघाची गरज मांडली. भिक्खू हा पूर्ण पुरुष की समाजसेवक, हा प्रश्न त्यांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या आरंभीच उपस्थित केला आहे. संघावर त्यांची श्रद्धा होती म्हणूनच त्यांनी त्याचे दोष झाकले नाहीत.

आपले विहार तरुण आहेत. त्यांच्याकडे आज धन थोडे असले तरी मान वाढत आहे, आणि निवडणुका जवळ आल्या की त्यांच्या दारी येणाऱ्यांची संख्याही वाढते. अशा वेळी सोमारामाचे प्रकरण आपण कसे सांगतो, याला महत्त्व आहे. तो परक्यांचा हस्तक होता असे सांगितले, तर आपण परक्यांवर पहारा ठेवू आणि स्वतःच्या घरात निश्चिंत झोपू. तो आपल्याच संघात वाढला आणि आपल्याच एका विहाराधिपतीच्या शब्दावर त्याने शस्त्र उचलले, असे सांगितले, तर विहाराचा हिशेब, भिक्खूचे आचरण आणि राजकारण्यांची ऊठबस यांविषयी प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला लागेल. वेसालीच्या वनातून परतल्यावर तथागतांनी तोतयाचा शोध घेतला नाही. संघ का घटला, हे विचारले. आम्हालाही तोच प्रश्न अधिक उपयोगाचा वाटतो.