न्हाणीचा दगड ते टाइल्स

आपल्या आज्यांच्या काळी परसात न्हाणीचा मोठा दगड असायचा. आडोसा कुडाचा, नाहीतर जुन्या लुगड्याचा. म्हणून बाया उजाडायच्या आत अंघोळ उरकायच्या.

1871 साली मुंबई-रायचूर रेल्वे पुरी झाली. तिच्या वाटेवरच्या शहाबादची फरशी पुढे आपल्या घरांत पोचली आणि मोरीत बसली. फरशी टिकाऊ, पण भिंतीला ओल चढायची, पोपडे पडायचे. मग 6 इंची चौकोनी पांढऱ्या टाइल्स आल्या. पैशाकडे बघून त्या कमरेइतक्याच लावायच्या. ती सवय अजून आहे.

आता आपण हिशेब करू. 4 बाय 5 फुटांच्या न्हाणीघराच्या चारी भिंती मिळून 18 फूट होतात. 12 बाय 18 इंची टाइल उभी लावली, तर दार न वजा करता 3 फुटांपर्यंत 36 आणि 6 फुटांपर्यंत 72 लागतात. उंचीला कापावी लागत नाही. पैसे कमी असतील तर जिथे अंगावर पाणी घेतो त्या कोपऱ्याला 6 फूट लावू, बाकी 3 फूट. खाली गुळगुळीत नको. 1 फुटाची खरखरीत टाइल घेऊ. लहान टाइलने जाळीकडे उतार नीट काढता येतो.

आज्यांना आडोसाही मागता आला नाही. आपल्या न्हाणीचं माप गवंड्याला आपणच सांगू.