श्रीगोंद्याचे शेख महंमद बाबा : ओळख एका विसरलेल्या मराठी सूफी कवीची

चाकणच्या चौकातून शिक्रापूरकडे निघणाऱ्या रस्त्यावर रात्रंदिवस कंटेनर धावत असतात. हाच रस्ता पुढे न्हावरे, काष्टी करत श्रीगोंद्याला जातो आणि तिथून जामखेड, पाटोद्याकडे. चाकण, मोशी, भोसरी, तळवडे या पट्ट्यात कंपनीत कामाला लागलेली कितीतरी कुटुंबं याच रस्त्यानं इकडं आली. ईदला गावी जातात तीही याच रस्त्यानं. गाडी श्रीगोंद्यात चहाला थांबते आणि निघते. मराठीतल्या एका मोठ्या मुसलमान कवीचं हे गाव, हे मात्र गाडीतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

आम्ही ओळखीच्या घरांत सहज विचारून पाहिलं. बुल्लेशाहचं नाव मुलांना माहीत होतं, मोबाईलवर ऐकलेलं. कबीर शाळेच्या पुस्तकातून माहीत. तुकोबा तर शेजारचेच, देहूचे. शेख महंमद म्हटल्यावर मात्र बहुतेकांनी उलट विचारलं, 'कोण, कुठले?'

म्हणून ही ओळख. शक्य तेवढी सविस्तर देतो.

कोण होते?

शेख महंमद यांचा काळ सतराव्या शतकाचा पूर्वार्ध, म्हणजे तुकोबांचाच. वयानं ते तुकोबांपेक्षा वडील. त्यांचं मूळ गाव आजच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं वाहिरा. परंपरेनं वडिलांचं नाव राजमहंमद आणि आईचं फुलाई सांगितलं जातं. आईचं नाव फुलाई! आपल्याकडच्या गावाकडच्या जुन्या बायकांची नावं आठवून पाहा, म्हणजे हे नाव परकं वाटणार नाही.

त्यांचे गुरू चांद बोधले. कादरी सिलसिल्यातले सूफी, दौलताबादचे. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचं स्थान आहे. याच चांद बोधल्यांना परंपरा जनार्दनस्वामींचेही गुरू मानते, आणि जनार्दनस्वामी म्हणजे पैठणच्या एकनाथ महाराजांचे गुरू. त्या हिशेबानं शेख महंमद हे एकनाथांच्या गुरूंचे गुरुबंधू झाले. मराठी संतपरंपरेचा वंशवृक्ष काढायला बसलं की मुळाशी एक सूफी पीर येऊन बसतो. शाळेत आम्हांला हे कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

श्रीगोंद्याचं जुनं नाव चांभारगोंदे. मालोजीराजे भोसले, म्हणजे शिवरायांचे आजोबा, शेख महंमद बाबांना मानत. त्यांनी बाबांना तिथं आणलं, मठ बांधून दिला, जमीन दिली, असं परंपरा सांगते. हेच मालोजीराजे निजामशाहीचे सरदार. पुणे आणि सुपे परगणे त्यांच्याकडे, शिवनेरी आणि चाकण हे किल्लेही त्यांच्याकडे होते, असं बखरी सांगतात. म्हणजे आज ज्या चाकणला आपण पहिल्या पाळीला हजेरी लावतो, तो मुलूख आणि श्रीगोंद्याचा मठ एकाच माणसाच्या नावाशी जोडलेले. मालोजींनी आपल्या दोन्ही मुलांची नावं नगरच्या शाह शरीफ पिरावरून शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्याच घराची श्रद्धा शेख महंमद बाबांवरही होती, एवढं तिला जोडून घ्यावं.

काय लिहिलं?

त्यांचा मुख्य ग्रंथ 'योगसंग्राम'. 1645 मध्ये पुरा झाला. अठरा प्रसंग, दोन हजारांहून जास्त ओव्या. नावातच सगळं आलं : ही लढाई आहे, पण बाहेरच्या शत्रूशी नाही. माणूस आणि त्याचा नफ्स यांच्यातली. काम, क्रोध, अहंकार हे समोरचं सैन्य आणि साधक हा लढवय्या. सूफी लोक ज्याला नफ्साशी जिहाद म्हणतात, तेच हे मराठी ओवीत. आणि ज्या काळात नगरपासून दौलताबादपर्यंत घोडदळाच्या टापांखाली शेतं तुडवली जात होती, त्या काळात रणांगणाची उपमा ऐकणाऱ्याला समजावून सांगावी लागत नसणार.

याशिवाय 'पवनविजय' आणि 'निष्कलंक प्रबोध' हे लहान ग्रंथ आहेत. अभंग आहेत, हिंदुस्तानी बोलीतली पदंही आहेत. योगसंग्राम हा बसून वाचायचा, निरूपण करायचा ग्रंथ. अभंग आणि पदं गायची.

ओवी हा मुळात गाण्याचाच छंद. आपल्या दादी-नानी जात्यावर बसून जे म्हणायच्या तीही ओवीच. आणि इथं जरा थांबण्यासारखं आहे. विजापूरकडच्या सूफींनी त्याच काळात दखनीमध्ये 'चक्कीनामे' लिहिले. घरातल्या बायका दळता दळता म्हणतील, पीठ पडेल तसं अल्लाहचं नाव ओठांवर येईल, म्हणून केलेली गाणी. तिकडं चक्कीनामा, इकडं जात्यावरची ओवी. भाषा वेगळ्या, जातं तेच. दीन पुस्तकातून घराघरांत जाण्याआधी तो असा गाण्यातून गेला. ओवीची ताकद तर एवढी, की 1616 मध्ये गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा सांगायलाही हाच छंद घेतला. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, आणि त्यानंतर तीसेक वर्षांत योगसंग्राम पुरा झाला. ज्ञानेश्वरी, ख्रिस्तपुराण, योगसंग्राम : तीन धर्मांच्या घरांतली माणसं आणि एकच छंद.

शेख महंमद यांची भाषा सरळ आणि बोचरी आहे. नवसाला जनावर कापणारे, अंगात आणणारे, पैशासाठी शिष्य गोळा करणारे गुरू, सगळ्यांना ते फटकारतात. आपल्याकडच्यांनाही सोडत नाहीत. झगा घालून फिरणारे पण आत कोरडे असलेले फकीर आणि बाहेरच्या दिखाव्यालाच दीन समजणारे लोक त्यांच्या ओव्यांत पुन्हा पुन्हा येतात. ते स्वतःला 'अविंध' म्हणवून घेतात. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. त्या काळच्या मराठीत मुसलमानाला हा शब्द होता, आणि तो काही फार मानाचा नव्हता. बाबांनी तोच उचलला आणि आपल्या नावाला जोडला. मी मुसलमान आहे, मराठीत बोलतो आहे आणि देवाबद्दल बोलायचा मला हक्क आहे, असा त्याचा रोख. आम्हांला त्यांची ही गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते. ना लपवाछपवी, ना माफी.

एक अवघड प्रश्न

काही वाचक लगेच विचारतील : हे सगळं ठीक, पण त्यांच्या अभंगांत विठ्ठल, गोविंद येतात, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देणं बरोबर नाही.

होय, येतात. ते वारकऱ्यांच्या भाषेत बोलतात, कारण समोर बसलेली माणसं ती भाषा समजणारी होती. पण त्यांचा भर सारखा एकावर आहे. तो निराकार, त्याला भागीदार नाही, तो दगडात मावत नाही. वेदान्ताचा शब्द आणि सूफींचा शब्द शेजारीशेजारी ठेवून ते दोन्ही बाजूंना समजावतात. काहींना त्यात तौहीद दिसेल, काहींना सरमिसळ वाटेल. आम्हांला स्वतःला त्यांचं प्रत्येक म्हणणं पटतं असंही नाही. पण कवी वाचायला त्याच्या प्रत्येक ओळीवर सही करावी लागत नाही. रूमी वाचताना आपण कुठं करतो?

त्यांच्या काळच्या लोकांना हा पेच एवढा टोचत नसावा. समर्थ रामदासांनी त्यांच्या गौरवाची रचना केली, असं परंपरा मानते. आणि संतचरित्रांत एक गोष्ट येते, ती आपल्या भागाशी जोडलेली. तुकोबांचं देहूत कीर्तन चालू होतं आणि मंडपाला आग लागली. तिकडं श्रीगोंद्यात बसलेल्या शेख महंमदांना ते दिसलं. त्यांनी तिथूनच हात चोळले आणि इकडं आग विझली. करामत मानायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण ही कथा रचणाऱ्यानं देहूची आग विझवायला एका मुसलमान कवीचे हात निवडले, हे काही योगायोगानं झालेलं नाही.

देहूतच आणखी एक खूण आहे. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी घेते. तिथं अभंग होतो, आरती होते आणि मग पालखी आकुर्डीच्या मुक्कामाकडे वळते. निगडी-आकुर्डीच्या रस्त्यावर पाणी घेऊन उभ्या राहणाऱ्या आपल्या पोरांना हे माहीत असतं. अनगडशाह फकीर होते, त्यांच्या रचना आपल्या हाती नाहीत. शेख महंमदांच्या आहेत. दोन जाड खंड भरतील एवढ्या.

मग विसरले कसे?

वारकऱ्यांनी त्यांना कबीराचा अवतार ठरवलं. हेतू गौरवाचा, पण परिणाम असा की माणूस कबीराच्या सावलीत गेला. आपल्याकडं शिकलेल्या घरांचा कल उर्दूकडे राहिला. मराठीत दीनाबद्दल काही जुनं आणि मोलाचं असेल, ही अपेक्षाच उरली नाही. त्यात भाषा जुनी. पहिल्या दहा ओव्यांत दहा शब्द अडतात. आणि मुख्य म्हणजे, त्यांना गाणारा मोठा आवाज मिळाला नाही. कबीराला कुमार गंधर्व मिळाले, बुल्लेशाहला आबिदा परवीन. शेख महंमदांना अजून कुणी नाही. एखादं गाणं घरात वाजत राहिलं असतं, तर हा लेख लिहावाच लागला नसता.

अलीकडच्या वर्षांत त्यांचं नाव बातम्यांत आलं, ते त्यांच्या समाधीवरून. दर्गा म्हणायचं की मंदिर, विश्वस्त मंडळाची नोंद कशी, यावरून गावात वाद झाला, आंदोलनं झाली. त्या वादात कोण बरोबर, हे आम्ही इथं सांगणार नाही. कागदपत्रं बघणारे ते बघतील. पण दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांत योगसंग्रामाचा एक प्रसंग तरी पुरा वाचलेले किती असतील, हा विचार मनातून जात नाही. थडगं कुणाचं यावर एवढी ताकद लागली, आणि ओव्या कुणाच्या हे विचारायला कुणी आलं नाही. त्यांवर कुणीच हक्क सांगितलेला नाही. आपण सांगू शकतो, आणि त्यात कुणाचं काही जातही नाही.

वाचायचं कुठून?

सगळ्यांत आधी नाव घ्यायचं ते वा. सी. बेंद्रे यांचं. शिवकाळाचे हे इतिहास-संशोधक. त्यांनी 1959 मध्ये योगसंग्राम संपादित करून छापला आणि 1961 मध्ये बाबांचा कवितासंग्रह. आज आपण शेख महंमदांबद्दल जे बोलतो त्यातलं पुष्कळसं त्यांच्या कष्टांमुळे. रा. चिं. ढेरे यांचं 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक आकारानं छोटं, पण सुरुवातीला तेच घ्यावं. त्यात शेख महंमद एकटे नाहीत हेही कळतं. बिदरकडचे शाह मुंतोजी, 'सिद्धान्तबोध' लिहिणारे शाह मुनी, गीतेवर मराठी टीका लिहिणारे हुसेन अंबरखान अशी रांगच आहे. आणि डॉ. यू. म. पठाण. करमाळ्याकडचा हा मराठीचा प्राध्यापक 1990 मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, आणि सूफी संतांच्या मराठी साहित्यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं.

बेंद्र्यांच्या आवृत्त्या दुकानात सहज दिसत नाहीत. पुण्यातल्या जुन्या ग्रंथालयांत विचारावं. आमचा अनुभवाचा सल्ला : योगसंग्रामापासून सुरुवात करू नका, दमछाक होते. आधी कवितासंग्रहातले अभंग घ्या. मनात वाचू नका, मोठ्यानं म्हणा. घरात कुणी जात्यावरच्या ओव्या ऐकलेलं वडीलधारं असेल तर त्यांना म्हणायला सांगा. अडलेले निम्मे शब्द चालीतच सुटतात. दखनी पदं तर आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळतात, कारण घरात तीच बोली थोडीफार चालते. मराठी घेऊन पदवी करणाऱ्या मुलामुलींना आम्ही वेगळं सांगतो : प्रबंधाला विषय शोधत असाल तर शेख महंमदांच्या दखनी पदांवर अजून भरपूर काम पडलं आहे.

श्रीगोंद्याला जायचं तर पिंपरी-चिंचवडहून साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर. रेल्वेनं दौंडमार्गे श्रीगोंदा रोड स्टेशन आहे, तिथून पुढे गावात गाडी बघावी लागते. चाकणकरांना सोपं, शिक्रापूर रस्ता धरायचा आणि काष्टीनंतर श्रीगोंदा. गावी जाताना तिथं तसेही चहाला थांबतोच.