सरकारी वकिलाचे मौन

नामांतराचा इतिहास आपण मोर्चे, सत्याग्रह आणि हुतात्मे यांच्या अंगाने लिहिला. कोर्टातला इतिहास मात्र आपण मांडलाच नाही, असे मला वाटते.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारले. पुढे १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आला. त्याच्या १५ व्या कलमाने विशेष सरकारी वकील दिला. १९९४ मध्ये नामविस्तार झाला आणि १९९५ मध्ये आलेल्या युती सरकारने याच कायद्याखालील ११०० हून अधिक खटले मागे घेतले.

खटला मागे घेतला म्हणजे काय झाले? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२१ व्या कलमानुसार तो अर्ज सरकारने नव्हे, सरकारी वकिलाने स्वतःच्या विवेकाने, कोर्टाच्या संमतीने करावयाचा होता. मंत्रालय आणि फिर्यादी यांच्यामध्ये कायद्याने एक माणूस उभा केला होता. पण त्याची नेमणूक सरकारच्याच हाती! ज्याला काढले, त्याला त्याच गावात वकिली करावयाची असते, उद्याच्या यादीत नाव हवे असते. त्याला धमकी द्यावी लागत नाही, आशा पुरते.

उत्तर प्रदेश सरकारने १९९० मध्ये एका परिपत्रकाने सर्व जिल्ह्यांतील सरकारी वकील काढून टाकले. ‘कुमारी श्रीलेखा विद्यार्थी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक मनमानी म्हणून रद्द केले. सरकारी वकिलाचे पद ही सरकारची खाजगी चाकरी नव्हे, हा त्यातला अर्थ. मालेगाव खटल्यातील विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी २०१५ मध्ये ‘सौम्य धोरण घ्या’ असा दबाव आल्याचे जाहीरपणे सांगितले. तपासयंत्रणेने तो आरोप नाकारला. पण असे बोलणारे किती?

म्हणून वकिलाच्या धैर्यावर विसंबून चालणार नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १५-अ कलमाने २०१६ पासून पीडिताला बाजू मांडण्याचा हक्क दिला. २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३६० वे कलम सांगते की, पीडिताला ऐकल्याशिवाय खटला मागे घेण्यास परवानगी देता येणार नाही. नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांनी तारखेला फिर्यादीसोबत कोर्टात उभे राहावे. वकील गप्प बसला, तरी फिर्यादीला आता बोलता येते.