एकसष्टचे उत्तर

एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग करून त्याला ६१ ने गुणावे, त्यात १ मिळवावा आणि बेरीज पुन्हा पूर्ण वर्ग यावी, अशी शून्याखेरीज लहानात लहान संख्या कोणती? ६१ ऐवजी ६० घेतले तर उत्तर ४ आहे, ६२ घेतले तर ८. ६१ साठी मात्र ते २२,६१,५३,९८० निघते आणि बेरजेचे वर्गमूळ १,७६,६३,१९,०४९. ही जोडी भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘बीजगणिता’त आहे. फर्माने १६५७ मध्ये हाच ६१ युरोपातल्या गणितज्ञांपुढे ठेवला. भास्कराचार्यांचे उत्तर त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ‘बीजगणिता’चा कोलब्रुकने केलेला इंग्रजी अनुवादच मुळी १८१७ चा.

चाचपडत हे उत्तर सापडले असेल, ही शंका संख्येच्या आकारापुढेच टिकत नाही. एकेक संख्या तपासायची तर बावीस कोटींहून अधिक गुणाकार हवेत. भास्कराचार्यांनी वापरलेल्या चक्रवाल पद्धतीची वाट फार आखूड आहे. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त. या ३ ला क्षेप म्हणत. त्यावर एक फेरा घेतला की ३९ आणि ५ मिळतात: ३९ चा वर्ग १५२१ उणे ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, क्षेप उणे ४. येथे ब्रह्मगुप्ताची ६२८ ची ‘भावना’, म्हणजे दोन जोड्या जोडून नवी जोडी काढण्याची रीत, उपयोगी पडते. तिने २९७१८ आणि ३८०५ येतात, क्षेप उणे १. ही जोडी स्वतःशीच जोडली की अंतिम उत्तर. एवढी मोठी संख्या इतक्या थोड्या पायऱ्यांत हाती येते, हाच तिच्यामागे पद्धत असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा मला वाटतो.

याला दोन आक्षेप घेता येतात. पहिला, श्रेय एकट्या भास्कराचार्यांचे नाही. हे खरेच आहे: जयदेव या गणितज्ञाची चक्रवाल पद्धत उदयदिवाकराने १०७३ मध्येच उद्धृत केली होती. पण त्याने परंपरा अधिक जुनी ठरते, दुबळी नव्हे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: असे उत्तर नेहमी मिळतेच, याची सिद्धता भास्कराचार्यांनी दिली नाही, ती अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. तो मान लाग्रांजचाच. तरी पद्धत शोधणे आणि ती कधीच फसत नाही हे सिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले इकडे पुरे झाले होते. शिवाय ही विद्या पोथीत पडून राहिली नाही. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखानुसार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारला.