फुटांपासून बिटांपर्यंत

श्रोतेहो, चित्रपटाची लांबी एके काळीं कापडाप्रमाणें फुटांत मोजीत, हें आजच्या मुलांस सांगितलें तर त्यांस नवल वाटेल. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आलेला दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारें ३,७०० फूट लांबीचा होता. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या एका फुटांत १६ चित्रें मावतात. मूकपटासाठीं सेकंदास १६ चित्रांचा वेग धरिला, तर एक फूट म्हणजे एक सेकंद, हा हिशेब कोणासहि तोंडीं करतां येई. पुढें बोलपट आला. ध्वनीसाठीं वेग २४ चित्रांवर स्थिर झाला आणि मिनिटास ९० फूट फीत लागूं लागली. १,००० फुटांचें रीळ सुमारें ११ मिनिटांत संपे. फीत महाग, म्हणून हिशेब आधीं होई, चित्रण मागून.

कालांतरानें फुटांची जागा बिटांनीं घेतली. १९९३ सालीं व्हिडिओ सीडीचें प्रमाण ठरलें. त्यांत दर सेकंदास चित्रासाठीं १,१५० व ध्वनीसाठीं २२४ किलोबिट नेमून दिलेले होते, आणि एका तबकडीवर सुमारें ७४ मिनिटें मावत. तीन तासांच्या हिंदी चित्रपटास तीन तबकड्या कां लागत, याचें उत्तर या त्रैराशिकांत आहे.

आजहि सूत्र तेंच आहे. एका सेकंदाच्या बिटांस एकूण सेकंदांनीं गुणावें व आठांनीं भागावें, म्हणजे बाइट मिळतात. सेकंदास ८ मेगाबिट हा दर घेतला, तर तासाभराची फाइल ३,६०० मेगाबाइट, म्हणजे ३.६ गिगाबाइट होते. १९२० गुणिले १०८० बिंदूंचें, २४ बिटी रंगांचें, सेकंदास २५ चित्रांचें तेंच चित्रण मुळींच न दाबतां ठेविलें, तर सुमारें ५६० गिगाबाइट जागा लागेल! चित्र तेवढेंच, काळ तेवढाच. फरक केवळ दराचा. ती ३.६ गिगाबाइटची फाइल सेकंदास ४ मेगाबिट वेगानें इंटरनेटवर चढवावयाची, तर दोन तास मोडतील. दृश्य पाहून दर कमीजास्त होत असेल, तर हा केवळ अंदाज ठरतो; अशा वेळीं दहावा हिस्सा जागा मोकळी राखावी.

हें सर्व मीं ठेंच लागल्यावर शिकलों. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत चित्रणाचें काम मजकडे होतें. कार्ड १६ गिगाबाइटचें, कॅमेऱ्याचा दर सेकंदास ५० मेगाबिट. हिशेब केला असता, तर बेचाळीस मिनिटांतच जागा संपणार हें आधींच कळलें असतें. हारतुरे झाले, अहवाल झाले, आणि शेवटीं वृद्ध गुरुजी बोलावयास उठले. तोंच कार्ड भरलें. मला त्रैराशिक शिकविलें तें त्यांनींच, आणि मीं तेंच आयुष्यभर मुलांस शिकविलें. गुरुजी आतां नाहींत. माझ्यापाशीं हारतुऱ्यांचें चित्रण आहे, त्यांचा शब्द मात्र एकहि नाहीं.

म्हणून श्रोतेहो, कॅमेरा सुरू करण्यापूर्वीं कागदाच्या तुकड्यावर एक गुणाकार व एक भागाकार अवश्य करावा.