तीन महिने आईचे

नात्यातलं एक जोडपं सध्या अमेरिकेत दत्तक बाळाची वाट बघतंय, त्यामुळे खरवईच्या घरी रोज हाच विषय. 'सरकारी काम, दुसरं काय!' हे ठरलेलं वाक्य. पण या उशिराला इतिहास आहे.

परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचे हाल होतात, असं पत्र लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. त्याचीच याचिका झाली. ६ फेब्रुवारी १९८४ च्या निकालात न्या. भगवतींनी सांगितलं, आधी भारतातच घर शोधा, आणि मूल सोपवणाऱ्या आईवडिलांना फेरविचाराला साधारण तीन महिने द्या. (तेव्हा परदेशी जोडप्याला १८९० च्या कायद्याने इथे नुसतं पालकत्व मिळे, दत्तकविधान त्यांच्या देशात!) आता ती मुदत दोन महिन्यांची आहे.

तेवढा वेळ त्या आईचा. त्यात कुणी घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. चीड येते ती नंतर नुसत्या पडून राहणाऱ्या फायलींची. त्यासाठीच २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश न्यायालयाकडून काढून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला. एकेका सहीपायी फोटोत पालथं पडणारं बाळ प्रत्यक्ष हातात येतं तेव्हा चालायला लागलेलं असतं...