अश्रूंचे मोल

माळव्याच्या पठारावरील इंदूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर वसले आहे. येथील रात्रींच्या शीतलतेची कीर्ती जुनी आहे. ‘शबे मालवा’ हे शब्द ज्यांनी कधी माळवा पाहिला नाही त्यांनाही ठाऊक असतात. वैशाखातल्या दिवसांचे गुणगान मात्र कोणी केलेले नाही. सकाळचे नऊ वाजले की वारा तापू लागतो, काळ्या जमिनीची माती भुकटी होऊन उडते, आणि ज्याच्या डोळ्यांतले पाणी आटले आहे अशा माणसाला ऋतू पालटल्याची वार्ता इतरांच्या आधी कळते. डोळ्यांत वाळूचे कण गेल्यासारखे खुपते, पापणी उघडताना चिकटते, दिव्याकडे पाहवत नाही. त्यातही विचित्र गोष्ट अशी की, हा कोरडा डोळाच पुष्कळदा घळाघळा वाहतो. घरची माणसे म्हणतात, ‘डोळ्यांतून तर पाणी येते आहे, मग कोरडेपणा कसला?’

या प्रश्नाचे उत्तर अश्रूंच्या रचनेत आहे. अश्रू म्हणजे नुसते खारे पाणी नव्हे. डोळ्याच्या पृष्ठभागाला लागून एक चिकट द्रव असतो, त्यात मिसळलेले पाणी असते आणि सर्वांत वर तेलाचा अत्यंत पातळ पापुद्रा असतो. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या सूक्ष्म ग्रंथींतून येते. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने 1666 साली त्यांचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांना त्याचे नाव मिळाले. तेल कमी पडले की पाणी वाऱ्यावर उडून जाते. डोळा झोंबू लागतो, आणि त्या झोंबण्यामुळे दुःखात किंवा कांदा चिरताना येते तसे पाणी एकदम लोटते. ते पाणी गालावरून ओघळते, डोळ्याला ओलावा देत नाही. तप्त तव्यावर पाणी शिंपडावे तसा हा प्रकार होय.

आपल्या देशात या व्याधीची ओळख नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 76 नेत्ररोग सांगितले आहेत. त्यांत ‘शुष्काक्षिपाक’ नावाचा एक रोग आहे. पापण्या कठीण आणि रूक्ष होतात, डोळा आकसतो, उघडताना यातना होतात, दृष्टी गढूळ होते, असे त्याचे वर्णन आहे. त्यावरील उपचारांत तुपाला मोठे स्थान आहे. पोटात घ्यायचे तूप आणि डोळ्याभोवती पिठाचे आळे करून त्यात भरायचे तूप, अशी दोन्ही विधाने आढळतात. ज्या ग्रंथकाराला तेलग्रंथींची शरीररचना माहीत असण्याचे कारण नव्हते, त्याने स्निग्धतेकडे वळावे याचे कौतुक वाटते. अर्थात ते त्या काळच्या तज्ज्ञ वैद्याच्या हातचे काम होते. आज कोणी घरच्या घरी डोळ्यांत तूप किंवा मध घालू लागेल तर ओलाव्याऐवजी जंतूंचा प्रादुर्भाव पदरात पडेल.

तूप हा शब्द आला म्हणून युरोपातील एका घटनेचे स्मरण होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्क हा लोण्याने समृद्ध असलेला देश होता. कोपनहेगन येथील बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉक यांच्याकडे त्याच वेळी डोळे कोरडे पडून दृष्टी गमावणारी मुले येऊ लागली. देशातले लोणी चांगल्या भावाने परदेशी जात होते, आणि गरिबांच्या मुलांना मलई काढलेले दूध व वनस्पतिजन्य मार्गारीन मिळत होते. पुढे युद्धातील पाणबुड्यांच्या नाकेबंदीमुळे निर्यात थांबली, 1917 च्या अखेरीस लोण्याचे शिधावाटप सुरू झाले, आणि मुलांचा तो रोग पाहता पाहता नाहीसा झाला. औषध नवे सापडले नव्हते. लोणी तेवढे घरी राहिले होते. त्या आधी 1913 साली अमेरिकेत ‘अ’ जीवनसत्त्वाचा शोध लागला होता, त्यामुळे या घटनेचा अर्थही उलगडला.

हिंदुस्थानात या प्रकारच्या कोरडेपणाने किती बालके अंध झाली असतील याची कल्पना करवत नाही. अन्नपाण्याच्या विपुलतेसाठी नावाजलेल्या माळव्यालाही विक्रम संवत 1956 च्या, म्हणजे इसवी सन 1899-1900 च्या, दुष्काळाने सोडले नाही. लोकांच्या तोंडी तो ‘छपनिया’ म्हणून राहिला. दूध, हिरवी भाजी, पिवळी फळे ताटातून गेली की पहिला घाला बालकांच्या डोळ्यांवर पडतो. स्वातंत्र्यानंतर 1970 साली सरकारने लहान मुलांना ठरावीक अंतराने ‘अ’ जीवनसत्त्वाचा मोठा डोस तोंडाने देण्याची योजना सुरू केली. हा डोस फार स्वस्त पडतो, आणि तो देण्याला तज्ज्ञ डॉक्टर लागत नाही.

कोरडेपणाचे दुसरे जुने कारण म्हणजे खुपऱ्या. पापणीच्या आतल्या बाजूला दाणे उठतात, ते बरे होताना व्रण राहतात, आणि त्या व्रणांखाली ओलावा देणाऱ्या ग्रंथी दबून जातात. उष्ण, कोरड्या आणि धुळीच्या प्रदेशांत, जेथे तोंड धुण्यालाही पाणी मोजून घ्यावे लागे, तेथे हा रोग घराघरांत होता. एकाच बोटाने सर्व भावंडांच्या डोळ्यांत काजळ घालण्याची रीत त्याला पोषक ठरली. 1963 साली राष्ट्रीय स्तरावर त्याविरुद्ध मोहीम सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2024 मध्ये सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्यांचे भारतातून निर्मूलन झाल्याचे मान्य केले. मात्र ज्यांना बालपणी खुपऱ्या झाल्या, त्यांतील काही वृद्धांच्या पापण्यांत ते व्रण आजही आहेत.

इंदूरच्या इतिहासात धुळीचे आणखी एक रूप आहे, ते म्हणजे कापसाची रुई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकीर्दीत संस्थानची कापडगिरणी निघाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, कल्याणमल मिल अशा गिरण्यांच्या भोंग्यांवर शहराचे घड्याळ चालू लागले. या गिरण्यांत माळवी, मराठी, हिंदी, उर्दू अशा नाना भाषा बोलणारी माणसे शेजारी शेजारी उभी राहत. हवेत तरंगणारे तंतू फुप्फुसात जातात हे सर्वज्ञात आहे. ते डोळ्यांतही जातात. दिवसभर सुताच्या तुटत्या धाग्यावर नजर ठेवणारा माणूस पापणी कमी लवतो, आणि न लवलेल्या डोळ्यावरचे पाणी सुकते. आजचा संगणकावर काम करणारा तरुण याच कारणाने डोळे चोळतो.

या कामगारांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कामगार राज्य विमा कायदा 1948 साली झाला, 1952 साली कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला, आणि 1955 मध्ये ती इंदूरला आली. पगारातून थोडी रक्कम कापली जाई, मालक आपला भाग घाली, आणि त्याच्या मोबदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला औषध मिळे. हे औषध इस्पितळात खाटेवर पडल्यावरच मिळे असे नव्हे, दवाखान्याच्या खिडकीवरही मिळे. डोळ्यांत घालायची बाटली संपली की दुसरी मागता येई. रांग लांब असे, बाटली प्रत्येक वेळी असेच असेही नाही, तरी हक्क होता. 1991 च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली. वेतन थांबले म्हणजे वर्गणी थांबते, आणि वर्गणी थांबली की काही काळाने खिडकीही बंद होते. थकलेल्या देण्यांचा झगडा न्यायालयांतून चालत राहिला. सुमारे 4,800 कामगारांच्या 224 कोटी रुपयांच्या देण्याचा प्रश्न 25 डिसेंबर 2023 रोजी सुटला. मधल्या बत्तीस वर्षांत कित्येकांचे डोळे कायमचे मिटले होते, आणि पैसे त्यांच्या वारसांच्या नावे निघाले.

वैद्यकशास्त्राने या व्याधीची मोजणी तशी उशिराच शिकून घेतली. 1903 साली ओटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याने टिपकागदाची अरुंद पट्टी पापणीच्या कडेत अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते हे पाहण्याची युक्ती काढली. पट्टी पाच मिलिमीटरही भिजली नाही, तर डोळा फारच कोरडा समजावा. एवढ्या स्वस्त साधनाने इतके सांगणारी तपासणी वैद्यकात विरळाच. ती अजून प्रचारात आहे. 1933 मध्ये स्वीडनमधील हेन्रिक स्योग्रेन यांनी 19 स्त्रियांच्या डोळ्यांचा अभ्यास करून, डोळ्यांबरोबर तोंड कोरडे पडणे आणि सांधे दुखणे ही एकाच विकाराची अंगे असल्याचे दाखविले. त्यांच्या प्रबंधाला परीक्षकांनी फारसे गुण दिले नाहीत, आणि त्यामुळे त्यांची विद्यापीठातील वाट खुंटली. पुढे दहा वर्षांनी तो प्रबंध इंग्रजीत आला तेव्हा जगाला त्याची थोरवी कळली. आज तो विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा अनेक पटींनी अधिक असतो, आणि घरातली स्त्री स्वतःच्या डोळ्यासाठी पैसे मागायला सर्वांत शेवटी पुढे येते.

कृत्रिम अश्रू 1945 च्या सुमारास मिथाइल सेल्युलोज या पदार्थाच्या वापरापासून रूढ होऊ लागले. हे थेंब रोग बरा करीत नाहीत. उसना ओलावा देतात. त्यांच्या खर्चाचा हिशेब साधा असून कठोर आहे. एका थेंबात साधारणतः 30 ते 50 सहस्रांश मिलिलिटर द्रव असतो. डोळ्यात स्वतःचे पाणी 7 सहस्रांश मिलिलिटरच्या आसपास असते, आणि फार तर 30 मावतात, उरलेले गालावर. दहा मिलिलिटरच्या बाटलीत दोनशे ते तीनशे थेंब निघतात. दोन्ही डोळ्यांत दिवसातून चार वेळा एकेक थेंब घातला तर ती बाटली महिना-सव्वा महिना चालावी. पण हात थरथरणाऱ्या वृद्धाचे तीन थेंब चुकतात तेव्हा चौथा डोळ्यात पडतो. शिवाय बाटली उघडल्यावर सुमारे महिन्याने ती टाकून द्यावी लागते. बाटलीतील जंतुनाशक द्रव्य दिवसातून अनेक वेळा डोळ्यात गेले तर तेच डोळ्याला बोचते. म्हणून द्रव्यविरहित, एकेका वेळेपुरत्या नळ्या निघाल्या, आणि त्या अर्थातच महाग आहेत.

महाग म्हणजे किती महाग, याचे टोक अमेरिकेत गाठले गेले. सायक्लोस्पोरिन हे औषध मुळात नॉर्वेतील मातीत सापडलेल्या बुरशीपासून निघाले आणि अवयवरोपणासाठी वापरात आले. जॉर्जिया विद्यापीठातील पशुवैद्य रेने कास्वान यांनी कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यांवर ते उपयोगी पडते असे दाखविले, आणि 2002 च्या डिसेंबरात ॲलर्गन कंपनीच्या थेंबांना माणसांसाठी मान्यता मिळाली. 2017 साली कंपनीने एक अजब तोड काढली: पेटंटे सेंट रेजिस मोहॉक या आदिवासी जमातीच्या नावे केली, त्यासाठी जमातीला 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलर दिले, आणि जमातीच्या सार्वभौमत्वाच्या आडोशाला स्वतः उभी राहिली. हेतू इतकाच की, पेटंट कार्यालयात कोणी आव्हान देऊ नये. न्यायालयांनी ही चाल मानली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात पेटंटेही रद्द ठरली. तरीसुद्धा स्वस्त पर्यायी औषधाला अमेरिकेत मान्यता मिळण्यास 2022 चा फेब्रुवारी उजाडला.

भारतात चित्र निराळे होते. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर ते बनविण्याच्या पद्धतीवरच पेटंट मान्य केले. 2005 मध्ये कायदा बदलेपर्यंत देशी कारखानदारीने त्याचा पुरेपूर लाभ घेतला. इंदूरपासून जवळच धार जिल्ह्यात पीथमपूरची औद्योगिक वसाहत उभी आहे. तेथील औषधकारखान्यांतून डोळ्यांचे थेंबही परदेशी जातात. कोरड्या डोळ्यांसाठी लागणारे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज 2022 च्या राष्ट्रीय आवश्यक औषधसूचीत आहे, म्हणजे त्याच्या किमतीला सरकारी मर्यादा आहे. 2008 पासून निघालेल्या जनऔषधी दुकानांतही डोळ्यांची औषधे कमी भावात मिळतात.

मग प्रश्न उरतो कोठे? तो उरतो ‘दर महिना’ या शब्दांत. 1976 च्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचे आणि 1994 पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र, मध्य प्रदेश इत्यादी सात राज्यांत चाललेल्या प्रकल्पाचे लक्ष मुख्यतः मोतीबिंदूवर होते, आणि ते योग्यच होते. मोतीबिंदूचे शिबिर भरविता येते, शस्त्रक्रियांची संख्या मोजता येते. 2018 ची आयुष्मान योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते, पण ते इस्पितळात दाखल होणाऱ्याला. कोरडा डोळा कोणाला दाखल करीत नाही. तो वर्षानुवर्षे बाटली मागतो, आणि ती खिशातून आणावी लागते. 1955 च्या कामगाराला जे खिडकीवर मिळे, ते आज असंघटित क्षेत्रातील शिवणकाम करणाऱ्या बाईला दुकानात विकत घ्यावे लागते.

पैसा अपुरा पडला की माणसे आपापल्या वाटा काढतात. काही थेंबांचे अंतर वाढवितात, काही उघडलेली बाटली तीन महिने पुरवितात. सर्वांत घातक वाट म्हणजे लाली झटकन उतरते म्हणून स्टिरॉइडचे थेंब डॉक्टरला न विचारता दुकानातून आणीत राहणे. त्यातून काचबिंदू होऊन गेलेली दृष्टी परत येत नाही. उलट ज्यांना पैसा लागत नाही असे उपाय दुर्लक्षित राहतात: कोमट पाण्यात पिळलेला स्वच्छ कपडा पाच-दहा मिनिटे मिटलेल्या पापण्यांवर ठेवणे, पापणीच्या कडा हलकेच पुसणे, वाचताना मुद्दाम पापण्या पूर्ण मिटणे, पंख्याचा झोत तोंडावर न घेणे. त्यांनी तेलग्रंथींची वाट मोकळी होते व पाणी कमी उडते. गंभीर रोग्यांसाठी रुग्णाच्याच रक्तातील जलांशापासून थेंब करण्याची पद्धत 1980 च्या दशकापासून रूढ झाली आहे; तिला औषधकंपनी लागत नाही, पण निर्जंतुक प्रयोगशाळा आणि घरी शीतपेटी लागते.

2017 पासून इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून लागोपाठ अनेक वर्षे निवडले गेले. रात्री यंत्रे रस्त्यांवरची धूळ शोषून घेतात. वैशाखातला वारा मात्र शहराबाहेरच्या काळ्या शेतांवरून येतो, आणि त्या दिवसांत औषधाच्या दुकानात थेंबांची बाटली मागणारी माणसे बाटलीवरची किंमत वाचण्यासाठी ती डोळ्यांच्या अगदी जवळ नेतात.